विश्लेषण : ‘गॅन’ ट्रान्झिस्टरचा उंबरठा का सरकतो?

मोबाइलचे चार्जर लहान झाले, त्यात गॅलियम नायट्राइड अर्थात ‘गॅन’ ट्रान्झिस्टरचा मोठा वाटा आहे. आता हे ट्रान्झिस्टर डेटा सेंटर आणि विद्युत वाहनांच्या चार्जिंग यंत्रणेतही येत आहेत. चार्जर बिघडला तर बदलता येतो. तेथे मात्र वर्षानुवर्षे अखंड काम अपेक्षित असते. म्हणून वेग आणि आकाराइतकेच महत्त्व ‘थ्रेशोल्ड व्होल्टेज’च्या स्थैर्याला द्यायला हवे.

थ्रेशोल्ड व्होल्टेज म्हणजे काय?

पॉवर ट्रान्झिस्टर हा सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारा स्विच. त्याच्या गेटवर किमान जितके व्होल्टेज दिल्यावर तो चालू होऊ लागतो, तो हा उंबरठा. सिलिकॉनच्या पॉवर मॉसफेटमध्ये तो साधारण २ ते ४ व्होल्ट असतो आणि गेट सहसा २० व्होल्टपर्यंत सहन करते. प्रचलित गॅन ट्रान्झिस्टरमध्ये उंबरठा सुमारे दीड व्होल्टचा, तर गेटची मर्यादा ६-७ व्होल्टची. म्हणजे चुकीला जागा फारच कमी.

तो सरकतो कशामुळे?

गॅन ट्रान्झिस्टर मुळात ‘चालू’ स्थितीत असतो. तो बंद ठेवण्यासाठी गेटखाली मॅग्नेशियम मिसळलेल्या गॅनचा थर देतात. या थरात आणि त्याच्या सीमेवरील दोषांमध्ये विद्युतभार अडकतो. ऋणभार साचला तर उंबरठा वाढतो. स्विच पुरता उघडत नाही आणि तापतो. धनभार साचला तर उंबरठा घसरतो. मग किरकोळ विद्युत गोंगाटानेही स्विच अवेळी चालू होऊ शकतो. जोडीने काम करणारे दोन स्विच एकाच वेळी चालू झाले, तर थेट शॉर्टसर्किट.

उपाय कोणते?

गेटचा धातू आणि थर यांचा जोड असा करता येतो, की साचलेल्या भाराला वाट मिळते. पण मग गेटमधून सतत थोडा प्रवाह वाहतो. सिलिकॉन मॉसफेटची जोड दिली तर उंबरठा सिलिकॉनचा मिळतो, पण रचना गुंतागुंतीची होते. फुकटचा उपाय नाही.

खरी अडचण कुठे?

मोजमापात. ताण काढताच अडकलेला भार सुटू लागतो आणि उंबरठा पूर्वपदाकडे परततो. त्यामुळे मोजणीला थोडा उशीर झाला, तरी घसरण प्रत्यक्षाहून कमी दिसते. शिवाय गेटवर १००० तास स्थिर व्होल्टेज ठेवून होणारी रूढ चाचणी म्हणजे जेमतेम ४२ दिवस. त्यात प्रत्यक्षातील वेगवान चालू-बंद नसतेच. गॅन आणि सिलिकॉन कार्बाइडच्या चाचण्यांसाठी ‘जेडेक’ या मानक संस्थेने २०१७ मध्ये स्वतंत्र समिती नेमली, हे योग्यच झाले. आता कंपन्यांनीही डेटाशीटमध्ये केवळ नव्या ट्रान्झिस्टरचा आकडा न देता, तो वापरानंतर किती सरकतो आणि ताण काढल्यावर किती वेळाने मोजला, हेही छापावे. ग्राहकाने नुसत्या वेगाचे नव्हे, टिकाऊपणाचे पैसे मोजलेले असतात.