फोटोबाहेरचे माणूस

दिवाळीत फराळाच्या जोडीला हल्ली घरोघरी आणखी एक पदार्थ शिजू लागला आहे, आणि तो म्हणजे कुटुंबाचा फोटो! पूर्वी फोटो म्हटला की पेठेतल्या स्टुडिओत जायचे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजे नि कुठल्याशा विलायती बागेतली झाडे. पुढे दोन लाकडी खुर्च्या. आणि "हलू नका" हा फोटोग्राफरचा दम. आता तो पडदा गेला. खरी झाडे, खरे पाणी, खरा किल्ला लागतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यात अशा जागांना तोटा नाही. तेरची जुनी देवळे आहेत, परंड्याचा किल्ला आहे, आणि नळदुर्ग तर या सगळ्यांत वरचढ.

आश्विन-कार्तिकातच ही हौस का करावी, याला कारण आहे. पावसाने हवेतली धूळ धुऊन निघालेली असते. सोयाबीन निघालेले असते, ज्वारीचे पोपटी कोंब वर आलेले असतात आणि बांधावरचे गवत अजून पुरते वाळलेले नसते. दुपारचे ऊन मात्र फोटोला वाईट. डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि धडधाकट माणूसही महिनाभर तापातून उठल्यासारखा दिसतो. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे सूर्य सहाच्या आगेमागे मावळतो; तेव्हा साडेचार ते साडेपाच हा तास सोन्यासारखा. पाचच्या सुमारास माणसाची सावली त्याच्या चार-पाच पट लांब होते आणि ऊन चेहऱ्यावर आडवे, मवाळ येते.

गंमत अशी, की नेमका हाच तास लहान मुलांच्या किरकिरीचा! म्हणून बायांनो, घड्याळ सूर्याचे पाहाल तेवढेच मुलाचेही पाहा. दुपारी उशिरा निजवावे, निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालावे. जरीचा, टोचणारा नवा कोरा फ्रॉक घरीच राहू द्यावा. एकदा धुतलेला सुती कपडा बरा. आणि सकाळच्या अभ्यंगाचे तेल चेहऱ्यावर राहिले असेल तर ते पुसून घ्यावे, नाही तर फोटोत कपाळ पणतीसारखे उजळते.

मूल आणि कॅमेरा यांचे वैर तसे जुनेच. एकोणिसाव्या शतकात फोटो उठायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ तान्हे मूल स्थिर कसे बसणार? म्हणून विलायतेत आईला खुर्चीत बसवीत, तिच्या अंगावरून चादर किंवा पडदा घालीत आणि तिच्या मांडीवर मूल देत. फोटोत मूल दिसे, मागे एक कापडाचा ढीग दिसे. आई दिसत नसे. आपल्याकडे तर बायकांचा फोटो हाच मुळी मोठा प्रश्न होता. आमचा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादला, लाला दीनदयाळ यांनी 1892 मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि त्याचा कारभार एका इंग्रज बाईंच्या हाती दिला.

त्या चादरीखालच्या आईची गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या वन्सं आठवल्या.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले, तेव्हापासून त्या माहेरीच. माझी बाळंतपणे त्यांनी काढली, माझ्या मुलांना त्यांनी वाढवले. पण फोटोची वेळ आली की त्या फोटोग्राफरच्या खांद्यामागे जाऊन उभ्या राहत. "मी मुलांना हसवते ना!" म्हणत आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवीत. सणासुदीच्या, शुभकार्याच्या फोटोत विधवेने बसायचे नाही, असा त्या काळचा दंडक. तो त्यांना कुणी बोलून दाखवला नव्हता आणि कुणी मोडूही दिला नव्हता. पुढे दंडक मागे पडला, सवय राहिली. आमच्याकडे आग्फा क्लिक होता. एका रोलात बारा फोटो, म्हणजे एकेक मोजूनमापून. त्या बारांतही त्या कधी आल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी सूनबाई आल्बम चाळीत बसली होती. मध्येच तिने विचारले, "आई, सगळ्या फोटोंत मुलं कॅमेऱ्याकडे का बघत नाहीत हो? सगळी अशी बाजूलाच बघताहेत."

"तिकडे तुझ्या आत्याबाई उभ्या असायच्या," मी म्हटले.

ती काही बोलली नाही. पण यंदा भाऊबीजेला नळदुर्गला जाऊन फोटो काढायचे, हे तिनेच ठरवले. तुळजापूर मागे टाकून सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागलो. नळदुर्गाचे नवल पुस्तकात वाचून कळत नाही. बोरी नदी किल्ल्याच्या तटात घेतली आहे आणि तिला आडवा दगडी बंधारा घातला आहे. त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, 1613 चे हे काम. पाऊस भरपूर झालेला असला की पाणी बंधाऱ्यावरून उड्या घेते आणि आतली माणसे कोरडी राहतात! नर-मादी धबधबे म्हणतात ते हेच. फोटोसाठी मात्र आम्ही पाण्यापासून लांब, तटाच्या आतल्या गवतावर बसलो. लहान मुले बरोबर असताना काठावरची पोझ घेणाऱ्यांचे मला कौतुक वाटत नाही.

फोटोग्राफर पोरसवदा, पण सोशीक. तीन वर्षांच्या नातवाला त्याने बस म्हटलेच नाही, पळू दिले. धाकटी चौदा महिन्यांची. तिने कॅमेऱ्याचे ते मोठे भिंग पाहून जो सूर लावला, तो थांबेना. वन्सं आपल्या ठरलेल्या जागी, फोटोग्राफरच्या मागे. त्यांनी जुडगा वाजवला. मुलीचे रडे थांबले, पण ती सरळ रांगत निघाली त्यांच्याकडे. परत आणली, परत निघाली. असे चारदा झाले. ऊन उतरू लागले होते.

"आजी, तुम्हीच घ्या की तिला आणि तिथं बसा," तो मुलगा म्हणाला.

"अरे, मी कशाला? मी इथून हसवते."

तेव्हा आमचे हे उठले. हा माणूस एरवी फार बोलणारा नव्हे. म्हणाले, "अक्का, ओवाळणीत काय हवं म्हणून दरवर्षी मी विचारतो, तू कधी सांगत नाहीस. आज मी मागतो. इथं माझ्याजवळ बस."

वन्सं तशाच उभ्या राहिल्या. जुडगा हातात गच्च धरलेला. सूनबाईने मग मुलगी उचलून त्यांच्या कडेवर दिली आणि कोपर धरून त्यांना गवतावर आणून बसवले. अगदी मध्ये, यांच्या नि माझ्या मध्ये.

त्या दिवशी दोनशेवर फोटो निघाले म्हणे. त्यांत सगळे नीट समोर बघताहेत असेही पुष्कळ आहेत. सूनबाईने मोठा करायला दिला तो निराळाच. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत, नातू अर्धा चौकटीबाहेर गेला आहे, आणि धाकटी तोंडात किल्ली धरून मान वर करून वन्संकडे बघते आहे. वन्सं कॅमेऱ्याकडे बघताहेत. कुठे बघायचे हे त्यांना आयुष्यात प्रथमच कुणी सांगितले होते, म्हणून जरा जास्तच टक लावून.

फोटो घरी आला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून तो खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "पदर सरळ कर म्हणून कुणीतरी सांगायचं होतं मला."