बातमी छापून आल्यानंतर

हा अंक शोधपत्रकारितेवर काढायचं ठरलं, तेव्हा आम्हाला आधी आठवलं ते सिमेंट. १९८१ साली ते कोट्यावर मिळे. अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिल्डरांचा कोटा आणि मुख्यमंत्री अंतुले यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या शेजारी-शेजारी मांडल्या. जानेवारी १९८२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं. कागदाला कागद जोडत केलेलं हे काम; त्यात थरार कमी, चिकाटी फार.

१९८१मध्येच, त्याच दैनिकाच्या अश्विनी सरीन यांनी बायकांचा बाजार उघड करण्यासाठी २,३०० रुपयांना एक बाईच विकत घेतली. विजय तेंडुलकरांनी त्यावरून ‘कमला’ हे नाटक लिहिलं आणि सवाल थेट बातमीदाराला केला: बातमी झाली, त्या बाईचं पुढे काय?

आज तालुक्याच्या गावात माहिती अधिकाराचे अर्ज घेऊन खेटे घालणारा बातमीदार एकटा असतो. मागे वकील नसतो, बहुधा पगारही नसतो. म्हणून या अंकात गाजलेल्या नावांपेक्षा त्याला जास्त पानं दिली आहेत, आणि ज्यांच्यावर बातमी झाली त्यांनाही बोलतं केलं आहे. तुमच्या भागातली कोणती बातमी दाबली गेली, ते जरूर कळवा. नाव छापायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.