मास्क लावला की एंगेजमेंट पडतं

माझा भाचा सध्या आमच्याकडे सुरतच्या डिंडोलीत मुक्कामाला आहे आणि त्यामुळे या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतलेला हा मुलगा वेसूतल्या एका गारेगार ऑफिसात बसून खानदेशातल्या शेतकऱ्यांसाठी कीटकनाशकांची रील्स बनवतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वकिलाचं पत्र येईल.

परवा जेवताना त्याने फोन पुढे केला. “मामा, हाई रील हिट शे.” पाहतो तर हिरवागार कापूस आणि त्यात इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला शेतकरी पाठीवर पंप घेऊन हसत हसत फवारतोय. तोंडाला फडकंसुद्धा नाही, हातात मोजे नाहीत. मी म्हटलं, “अरे, नाकातोंडात जाईल ना त्याच्या!” तर म्हणे, “मामा, मास्क लावला की हसू दिसत नाही. एंगेजमेंट पडतं.”

चार वर्षं शेतकी शिकून पोरगं हे शिकलं.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण कायद्यानेच छापावा लागतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. भाच्याच्या रीलमध्ये डबा आहे, पण त्रिकोणाची बाजू कॅमेऱ्याकडे पाठ करून.

शेतीची प्रसिद्धी काही आजची नाही. दूरदर्शनवर 1967 पासून ‘कृषिदर्शन’ चालू आहे. त्यातला तज्ज्ञ बोलायला लागला की घरातली मुलं झोपायची, पण पंपाला औषध किती टाकायचं हे तो सांगायचा. 2005 पासून ‘ॲग्रोवन’सारखं अख्खं दैनिक शेतीला वाहिलेलं आहे. भाच्याला विचारलं, वाचतोस का? “लई मजकूर राहतो त्यात.” बरोबर आहे. पगाराचा आकडा ऐकून बहीण मात्र खूश आहे, त्यामुळे मी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलतो.

आता त्याला हिवाळ्यासाठी हुरडा पार्टीचं रील सुचलंय. मी म्हटलं, त्यापेक्षा अडाजणच्या पोंकवाल्यांची शिकवणी लाव. पोंक म्हणजे सुरतेचा हुरडा. ना रील, ना ब्रँडिंग. थंडी पडली की गाड्या लागतात, कोवळी कणसं निखाऱ्यावर भाजून, कापडात झोडपून, पाखडून हिरवे दाणे समोर येतात आणि सबंध सुरत रांगेत उभी राहते. सोबत लिंबू-मिरीची शेव, साखरेचे दाणे, आणि घरी नेण्यासाठी पोंकवडे. आमच्या घरात यावरून दरवर्षी भांडण होतं. सौभाग्यवती अमळनेरच्या, हुरडा गोवऱ्यांच्या आरात भाजलेला, शेतातच बसून, शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्लेला, बाकी सगळं शहरी नखरे, असं त्यांचं मत. दाणा दोन्हीकडे ज्वारीचाच, तापीही तीच. खानदेशी माणूस म्हणून हे लिहिताना जीव तुटतो, पण शेव सुरतचीच. चटणीने घसा कोरडा पडतो. शेवेने हात थांबत नाही. पोंक सकाळीच घ्यावा, संध्याकाळपर्यंत दाणा चिवट होतो, आणि भाव विचारून मगच चव बघावी, कारण चव बघितल्यावर भाव करता येत नाही.

पण अजून पोंकाला तीन-चार महिने आहेत आणि फवारणी आत्ता चालू आहे. ते रील शुक्रवारी लागलं, हसऱ्या तोंडासकट. लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या ज्या वाचकांचे भाऊ गावी कापूस लावतात, त्यांनी आज रविवार आहे तर एक फोन करावा: तोंड बांधा, मोजे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, आणि डब्याचा त्रिकोण आधी बघा.