नदीची जागा नदीला सोडा!



मोर्चाला पुण्यात गेलं की आपण संगम पुलावरून जातो. तिथं मुळा आणि मुठा एकमेकींना मिळतात. या नद्यांच्या काठानं ४४ किलोमीटरची 'नदीकाठ सुधारणा' काढली आहे. अहमदाबादच्या साबरमतीसारखं करायचं म्हणे. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांनी भूमिपूजन केलं. बंडगार्डनकडं जाऊन बघा : मातीचा भराव, दगडी बांध, वर फिरायचा रस्ता, शोभेची हिरवळ. कागदावर लिहितात नदीचं पुनरुज्जीवन! आम्ही विचारतो, नदीचं की बिल्डरच्या जागेच्या भावाचं?

नदी म्हणजे नुसतं वाहतं पाणी नव्हे. पावसाळ्यात ती जिथवर पसरते ती सगळी जागा नदीच. हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही. पहिल्या पुराला चढणीचे मासे वर येतात, कडेच्या बुडालेल्या गवतात अंडी टाकतात. पूर ओसरला की गाळ राहतो, लवणात पाणी राहतं. तिथं बेडूक, खेकडे. त्यांच्यामागं बगळे, आणि थंडीत लांबून आलेली बदकं. वाळुंज, करंज, उंबर काठ धरून ठेवतात. डिंभे धरणात जमिनी बुडाल्यावर आपल्याच माणसांनी पाणी उतरेल तशी गाळपेर केली, धरणातल्या मासेमारीसाठी झगडा केला. पाणी चढतं-उतरतं त्यावरच जीव जगतात, हे आपण पोटानं शिकलोय. बांध घातला की चढण संपली, गवत संपलं, पाखरू उडालं.

पुण्यात असं रान अजून थोडं उरलंय. येरवड्याला सालिम अलींच्या नावानं ओळखलं जातं ते, आणि राम नदी मुळेला मिळते तिथलं. ते वाचवायला शहरातली माणसं २०२३ साली 'चिपको' म्हणत रस्त्यावर उतरली. ती आपल्याच लढ्यातली आहेत.

२५ जुलै २०२४ आठवा. धो धो पाऊस, त्यात खडकवासल्यातून सोडलेलं पाणी, आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरांत पाणी. सगळे म्हणाले, नदी घरात घुसली. अहो, शहर आधी नदीत घुसलं होतं!

आता दोन मापं बघा. भीमाशंकर अभयारण्य १९८५ ला झालं. तेव्हापासून आपल्याला सांगतात, शेकरूसाठी जंगल राखा, मोळी नको, गुरं नको. आणि पुण्यात पाखरांच्या घरावर सिमेंट ओततात ती मात्र सुधारणा! वन्यजीव काय फक्त आदिवासीच्या दारातच राहतात?

पण एक इशारा. 'नदी मोकळी करा' म्हटलं की साहेबांचं बोट आधी झोपडपट्टीकडं जातं. हे आपण चालू देणार नाही. आधी भराव काढा, नदीपात्रातला रस्ता आणि पार्किंग काढा. काठच्या गरिबाला त्याच्या संमतीनं, जवळच पक्कं घर द्या, मगच त्याची झोपडी हलवा.

आमचं म्हणणं सरळ आहे :

१. निळ्या पूररेषेच्या आतलं भरावाचं, बांधाचं काम थांबवा.
२. आधी मैलापाणी शुद्ध करा, मग सुशोभीकरणाचं बोला.
३. जिथं जागा उरलीय तिथं उथळ पाणथळ, गवत आणि काठची देशी झाडं परत येऊ द्या.

आणि आपण? २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ वाचा. वन्यजीव, पाणलोट आणि पाण्याचे झरे राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, आणि ते आपलं कामही आहे. मग चढणीला ओढ्याच्या तोंडावर आडवी जाळी कोण लावतं? आपलेच भाऊ. डोहात औषध कोण टाकतं? वाळूचा ट्रॅक्टर कुणाच्या वाटेनं जातो? येत्या ग्रामसभेत ठराव करा : अंडी टाकायच्या दिवसांत जाळी बंद, डोह राखीव, वाळू उपसा बंद. आधी आपला ओढा राखू, म्हणजे पुण्यात जाऊन छाती ठोकून बोलता येईल.

आपली घोड आणि त्यांची मुळा-मुठा, दोन्ही पुढं भीमेलाच मिळतात. पाणी एक आहे, लढाही एकच.

जल, जंगल, जमीन – आमच्या हक्काची!