बेसची घोडी

काकांच्या बेस गिटारची घोडी मी बदलली हे कळल्यापासून घरच्या मंडळींचे दोन फोन आणि एक लांबलचक मेल आली. सूर एकच.. "अरे, त्यांची आठवण ती, जशी होती तशी ठेवायचीस!" म्हटलं, एकदा इथेच लिहून टाकावं.

माझं मत साधं आहे. भिंतीवर टांगायचं वाद्य असेल तर हात लावू नका. वाजवायचं असेल तर झिजलेला भाग बदलायलाच हवा.

गिटारवाले जिला ब्रिज म्हणतात ती ही घोडी. तारांचं खालचं टोक तिच्यात अडकतं आणि प्रत्येक तारेखाली एक छोटं सॅडल असतं. ते पुढे-मागे करून सूर जुळवायचा, वर-खाली करून तारेची उंची. लिओ फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसवर चार तारांना मिळून दोनच सॅडल होती, १९५७ मध्ये चार झाली. काकांचा बेस म्हणजे त्या चारवाल्याची जपानी नक्कल. गणपती, लग्नं, हळदी.. ऑर्केस्ट्रात २५ वर्षं वाजला. वर हाताचा घाम आणि गिरगावची खारी हवा. उंचीचे स्क्रू गंजून सॅडलमध्येच चिकटलेले. ॲलन की फिरवली की खाचच गोल होत होती. सगळ्यात जाड तारेच्या सॅडलला इतका खोल चर की तार त्यात किरकिरायची. बाराव्या पडद्यावर दाबून वाजवलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा चढा लागायचा. उपाय म्हणजे सॅडल मागे सरकवणं, पण तो स्क्रूही हलेना. म्हणजे हात वर जाईल तसा बेस बेसूर. काका कानाचे किती पक्के होते ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी हे चालवून घेतलं असतं?

तंबोऱ्याची जवारी झिजते, मग मिरजेचा कारागीर घोडीचा माथा पुन्हा घासून देतो. तंबोरा आता खोटा झाला असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता नवीन घोडी कोणती, यावर बेसवाल्यांत मोठे वाद आहेत. पितळेची जाडजूड घ्या, सूर लांबतो म्हणे. गेडी लीच्या १९७२ च्या जॅझ बेसवर अशी वजनदार घोडी आहे आणि तो आवाज मलाही आवडतो. पण नवीन तारा चढवल्या की जेवढा फरक पडतो तेवढा घोडीने पडतो असं मला वाटत नाही. आणि सूर लांबायलाच हवा असं कोणी सांगितलं? जेम्स जेमरसन तर घोडीच्या झाकणाखाली स्पंज दाबून वाजवायचा, सूर आखूड आणि गुबगुबीत यावा म्हणून. मी साधी, वाकवलेल्या पत्र्याचीच घेतली.

घेण्याआधी फूटपट्टी मात्र काढावी. पाच स्क्रूंच्या भोकांतलं अंतर आणि दोन तारांमधलं अंतर (आमच्या बेसचं १९ मिमी) जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर दुसरी शोधावी, लाकडात नवीन भोक पाडू नये. या एका बाबतीत मी घरच्यांइतकाच कर्मठ आहे. जुनी भोकं सैल झाली होती. त्यांत टूथपिक आणि फेव्हिकॉल भरून रात्रभर वाळू दिलं, सुताराची नेहमीची युक्ती. मग स्क्रूला थोडा साबण लावून हातानेच पिळले. घोडीखाली अर्थिंगची एक उघडी तार असते, ती नवीन पत्र्याला नीट टेकायला हवी. नाहीतर अँपमधून अशी भुणभुण येते की सगळे म्हणतील, बघ, जुनीच बरी होती :)

चारही तारा आता बाराव्या पडद्यावर सुरात आहेत. गळ्याची झीज, रंगाचे टवके, पट्ट्याने पडलेला पांढरा डाग, काही पुसलेलं नाही. जुनी घोडी आणि तिचे पाच स्क्रू पिशवीत घालून केसमध्येच ठेवलेत. कोणाला आठवण म्हणून हवी असेल तर देईनही, पण ती बेसबरोबरच राहिलेली बरी.