बंद डबा

यवतमाळ जिल्ह्यातील पारवा हे महेश एलकुंचवार यांचे जन्मगाव. १९८५ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणलेले त्यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक खरे; परंतु एखाद्या संथ कादंबरीप्रमाणे घरी बसून वाचावे असेच ते आहे.

धरणगावचे तात्याजी देशपांडे निवर्तले आहेत. मुंबईचा सुधीर तेराव्यासाठी येतो. थोरला भास्कर खर्चाची चिंता सर्वांसमोर मांडतो, दागिन्यांविषयी मात्र मौन पाळतो. एका रात्री तो डबा उघडतो आणि वहिनी ते पिढीजात सोने अंगावर चढवते. त्या घटकेपुरते दोघेही सुखी दिसतात. लेखक त्यांना लोभी ठरवीत नाही, हे विशेष. वर्षानुवर्षे वाडा सांभाळणाऱ्याला तो आपलाच वाटू लागतो, इतकेच.

बहीण प्रभाचे शिक्षण पूर्वीच अडविलेले. धाकटा चंदू काही मागत नाही, नुसता राबतो. त्याच्या पायाची जखम चिघळते, पण वाटणीच्या बोलण्यात तिकडे पाहावयास कोणास सवड नसते. व्यापारी घरांतील थोरल्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

पुढे भास्करची मुलगी रंजू तेच दागिने घेऊन घर सोडते. संशय उरतो, सोने उरत नाही. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या पुढील दोन भागांत हे कुटुंब पुन्हा भेटते.