अंड्याची कॉफी आणि उतारवय

व्हिएतनामच्या सहलीत हनोईला अंड्याची कॉफी शिकवणारा छोटा वर्ग ज्येष्ठांनी अवश्य करावा. हात गुंततात, मन रमते. १९४६ साली दुधाच्या टंचाईत न्गुयेन वान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेसून ही कॉफी केली. आज बलक कंडेन्स्ड मिल्कसह फेसून कडक कॉफीवर घालतात. मात्र कॉफीच्या उष्णतेने तो पुरेसा शिजेलच असे नाही. कच्च्या अंड्यातील साल्मोनेला जंतूंमुळे होणारे जुलाब वृद्धांच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून वर्गात फेसण्याचा आनंद घ्यावा, पिणे टाळावे. घरी हे मिश्रण उकळत्या पाण्यावर धरलेल्या भांड्यात सतत ढवळत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, मग फेसावे. मधुमेहींनी मात्र घोटभरावरच समाधान मानावे.